गणिताची फेरपरीक्षा आणि घरातील माणसे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेत एका निवृत्त गणितशिक्षकांनी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या ह्या व्याख्यानमालेत आजवर आपण धर्मग्रामाचा इतिहास ऐकला, कुटुंबधर्माविषयी विचार ऐकले, आणि आज माझ्या वाट्यास गणित आले आहे. कार्यक्रमपत्रिका वाचून कोणाच्या मुखावर स्मित उमटले असेल तर त्यात वावगे असे काही नाही. परंतु येत्या रविवारी ह्याच मंडपात दहावीच्या परीक्षेत यश मिळविलेल्या मुलामुलींचा सत्कार व्हावयाचा आहे. नावे पुकारली जातील, टाळ्या होतील, आणि ते सर्वथा योग्यच आहे. ज्यांची नावे पुकारली जाणार नाहीत अशीही काही मुले आपल्या वाड्यांतून आहेत. त्यांच्याविषयी बोलण्याची अनुज्ञा मी फादरांकडे मुद्दाम मागून घेतली. त्यांतील एक मुलगा एरव्ही मित्रांच्या घोळक्यात उशिराच्या मिस्साला येत असे. निकाल लागल्यापासून तो पहाटेच्या पहिल्या मिस्साला येऊ लागला आहे. त्या वेळी 'किती टक्के पडले रे?' असे विचारणारी मंडळी थोडी असतात, एवढेच त्याचे कारण. सर्व विषयांत तो उत्तीर्ण आहे, केवळ गणितात राहिला आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीस मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशन ठाऊक होती. १९४९ पासून तिच्या जागी शालान्त परीक्षा आली; पण गणितात राहण्याची परंपरा मात्र अखंड चालू राहिली. पूर्वी राहिलेल्या विद्यार्थ्यास ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागे. २०१५ सालापासून निकालानंतर थोड्याच आठवड्यांत फेरपरीक्षा होऊ लागली, जेणेकरून मुलाचे वर्ष वाया जाऊ नये. एकदोन विषय राहिले असता अकरावीत प्रवेश घेण्याची सवलतही आहे. ही सवलत उपकारक खरी, तथापि तिच्यात एक भय आहे. नवे महाविद्यालय, नवे सोबती, नवी पुस्तके ह्यांच्या गडबडीत राहिलेला विषय कपाटाच्या तळाशी जातो, आणि पुढील परीक्षेच्या वेळी तो पहिल्यापेक्षाही परका झालेला असतो. म्हणून पहिली फेरपरीक्षा हाती असता तिचाच लाभ घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता, ह्या थोड्या आठवड्यांत करावे काय? बहुतेक घरांत जे घडते ते असे. पहिले दोन दिवस बोलणी बसतात. तिसऱ्या दिवशी कोणी नातलग एखाद्या शिकवणीचे नाव सांगतो. चौथ्या दिवशी पैसे भरले जातात, आणि पाचव्या दिवशी मुलगा पुस्तकाच्या पहिल्या पानापासून पुन्हा आरंभ करतो. वर्षभर ज्या वाटेने गेला आणि अडखळला तीच वाट तो पुन्हा, आणि ह्या खेपेस धावत, चालू लागतो. ज्या ठिकाणी खड्डा होता तो तेथेच असतो. ह्यात शिकविणाऱ्याचा दोष असतोच असे नाही. पन्नास मुलांपुढे उभे राहून प्रत्येकाचा खड्डा कोठे आहे हे शोधणे मनुष्याच्या शक्तीबाहेरचे आहे. घरी मात्र एकच मुलगा असतो, आणि म्हणूनच घरातील माणसांना ते करता येते.

ह्या कामी पहिले साधन म्हणजे त्याची स्वतःची उत्तरपत्रिका. ठरलेले शुल्क भरून, मंडळाने नेमलेल्या मुदतीत अर्ज केला असता उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. लोक ती गुण वाढतात की काय हे पाहण्यासाठी मागवितात. माझी विनंती अशी की, गुणांची आशा क्षणभर बाजूस ठेवून ती छायाप्रत वाचावी. वैद्य जसा रोग्याची जीभ पाहतो तशी ती पाहावी. छायाप्रत वेळेत न आली तर सराव परीक्षांच्या जुन्या उत्तरपत्रिका आणि वह्या घ्याव्यात. त्याही तेच सांगतात. तांबडी पेन्सिल घेऊन प्रत्येक चुकलेल्या उदाहरणात पहिली चुकलेली ओळ कोणती, तेवढीच खूण करावी. पुढच्या सर्व ओळी तिच्यामुळे चुकलेल्या असतात. त्यांच्याकडे पाहण्याचे कारण नाही.

असे दहा-पंधरा उदाहरणांत केले की एक विलक्षण गोष्ट नजरेस येते. मुलगा वर्गसमीकरणात नापास झालेला नसतो. पाचवी-सहावीतील अपूर्णांकात, सातवीतील ऋणसंख्येत, किंवा समीकरणाच्या एका बाजूची संख्या दुसरीकडे नेताना चिन्ह बदलण्यात तो नापास झालेला असतो. अर्ध्यात तृतीयांश मिळवा म्हटले की वरच्या संख्यांची बेरीज दोन आणि खालच्यांची पाच असे मानून दोन पंचमांश लिहिणारी दहावीची मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यास इतकेच विचारावे: ताटात अर्धी भाकर होती, आईने तीत आणखी तिसरा हिस्सा वाढला, आणि आता ताटात अर्ध्या भाकरीहूनही कमी उरली काय? मुलगा हसतो. त्या हसण्यात त्याची चूक त्याला दिसलेली असते. मग सहावीचे पुस्तक काढून आठ दिवस अपूर्णांक पक्के करावेत. 'दहावीच्या मुलाने सहावीचे पुस्तक उघडावे?' असा लाजेचा प्रश्न येथे येतो. पाया खचलेल्या घराच्या वरच्या मजल्याला रंग देणाऱ्या गवंड्यास आपण काय म्हणू? बालभारतीची सर्व इयत्तांची पुस्तके मंडळाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे सहावीचे पुस्तक मागत फिरण्याचेही कारण उरलेले नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण ह्यातच माझे बहुतेक म्हणणे आले आहे. समजा, बाजारात तीन नारळ आणि दोन डझन केळी घेतली, १९० रुपये झाले. दुसऱ्या दिवशी त्याच भावाने दोन नारळ आणि तीन डझन केळी घेतली, २१० रुपये झाले. तर नारळाचा भाव काय आणि केळ्यांचा काय? दोन चलांतील रेषीय समीकरणांचा हा अगदी साधा मासला आहे. दोन्ही दिवसांची बेरीज केली असता पाच नारळ आणि पाच डझन केळी यांचे ४०० रुपये होतात; म्हणून एक नारळ आणि एक डझन केळी मिळून ८० रुपये. आता पहिल्यातून दुसरे वजा करावे. तीन नारळांतून दोन गेले, एक राहिला. दोन डझनांतून तीन डझन गेले, म्हणजे उणे एक डझन. आणि १९० मधून २१० गेले, म्हणजे उणे २०. येथे मुलगा अडखळतो. 'लहानातून मोठे कसे जाणार?' ह्या पहिली-दुसरीतल्या सवयीने तो उलटी वजाबाकी करतो आणि अधिक २० लिहितो. त्यावरून नारळ ५० रुपयांस आणि केळी ३० रुपये डझन असे उत्तर येते. दिसावयास उत्तर सुबक आहे, पूर्णांकात आहे. मुलगा समाधानाने पान उलटतो.

येथे घरातील माणसाने एकच प्रश्न करावा: 'मग पहिल्या दिवशी किती पैसे झाले असते?' तीन नारळांचे १५०, दोन डझनांचे ६०, एकूण २१०. पण आपण तर १९० दिले होते! मुलगा मागे फिरतो, स्वतःच शोधतो, उणे २० पाशी थांबतो, आणि नारळ ३० रुपये, केळी ५० रुपये हे उत्तर काढतो. हे विचारण्यास गणित यावे लागत नाही. ज्या माउलीने आयुष्यभर वाडीतील माल बाजारात विकला तिला हा प्रश्न माझ्यापेक्षा अधिक चांगला विचारता येईल.

हे मी केवळ कल्पनेने बोलत नाही. कित्येक वर्षांपूर्वी एका मुलाची आई मजकडे आली. तिचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले. 'मास्तर, मला ह्यातले काही कळत नाही, मी कसा घेऊ ह्याचा अभ्यास?' असे ती म्हणाली. मी म्हटले, 'बाई, तुम्हास कळत नाही हेच बरे आहे. तुम्ही भाजी निवडीत बसा, आणि त्यास सांगा की प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून, अशी का लिहिली ते मला समजावून सांग. तुम्हास पटले नाही तर तसे म्हणा.' पहिले काही दिवस मुलगा चिडला. 'आई, असेच असते' हे त्याचे ठरलेले उत्तर. आईनेही ठरलेले उत्तर दिले: 'असेच का असते?' पंधरवड्याने तो एके संध्याकाळी माझ्या दारी आला आणि म्हणाला, 'सर, वर्गसमीकरणात दोन उत्तरे का येतात हे मला आईला सांगता येत नाही. तुम्ही मला सांगा.' वर्षभर वर्गात बसून त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता. तो पुढे उत्तीर्ण झाला, हे सांगितले पाहिजे. पण मला अधिक स्मरते ती त्याची ती शंका.

आपल्या ह्या भूमीतच भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास 'लीलावती' रचली. तीतील कित्येक उदाहरणे एका मुलीस प्रेमाने संबोधून, 'सांग पाहू' अशा सुरात घातलेली आहेत. इतक्या मोठ्या गणितज्ञास तो सूर शोभला, तर आम्हा घरच्या माणसांस तो का शोभू नये?

आता ह्याच्या उलट बाजूविषयी. 'मला स्वतःला गणित कधी आले नाही, आमच्या घराण्यातच नाही' असे वाक्य पुष्कळ वडील मुलाच्या सांत्वनासाठी उच्चारतात. हेतू प्रेमाचा असतो, परिणाम वाईट. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिली-दुसरीतील मुलांविषयी असे आढळले की, ज्या आईबापांस स्वतःस गणिताची धास्ती आहे ते जेव्हा वारंवार गृहपाठास मदत करीत, तेव्हा त्यांची मुले वर्षअखेर गणित कमी शिकलेली असत. तीं मुले लहान होती हे खरे. पण धास्ती ही सर्दीसारखी संसर्गाने पसरते हे कोणाही शिक्षकास पटेल. ज्यास ती आहे त्याने उत्तरे सांगण्याच्या भरीस न पडता नुसते ऐकावे.

दुसरा अभ्यास २००६ सालचा, रोडिगर आणि कार्पिके ह्या दोघांचा. त्यांना असे दिसले की, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी पुढे असत. पण आठवड्याने, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे जात. आमची मुले सोडविलेली उदाहरणे वाचतात आणि 'समजले' म्हणतात. वाचताना तर मलाही सगळे समजते! सोडविलेले उदाहरण एकदा पाहावे, पुस्तक मिटावे, कोऱ्या कागदावर ते आपले आपण करावे, मग ताडून पाहावे. तेच उदाहरण दोन दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने करावे. ही नवी युक्ती नव्हे. येशूसंघाच्या शाळांसाठी १५९९ साली जी शिक्षणपद्धती ठरविण्यात आली तीत रोजची उजळणी आणि शनिवारी सबंध आठवड्याची उजळणी सांगितलेली आहे. त्या शाळांतून गणितास मानाचे स्थान मिळावे म्हणून झटलेले फादर क्लाव्हियस हे १५८२ च्या पंचांगसुधारणेतील एक प्रमुख गणिती होते. आपले सणवार आजही त्यांच्या आकडेमोडीवर चालतात.

आता प्रश्नपत्रिकेकडे वळतो. गणिताच्या दोन पत्रिका असतात, भाग पहिला बीजगणिताचा आणि भाग दुसरा भूमितीचा. प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. २० गुण शाळेकडील अंतर्गत मूल्यमापनाचे. २०१८-१९ पासून चालत आलेल्या आखणीप्रमाणे प्रत्येक पत्रिकेतील पहिले दोन प्रश्न एक आणि दोन गुणांच्या लहान उदाहरणांचे असून त्यांचे गुण मिळून २० होतात. म्हणजे निम्मी पत्रिका लहान उदाहरणांची आहे! शाळेकडून चालू आखणीची खात्री अवश्य करून घ्यावी. परंतु हे ध्यानी आले की मुलाच्या छातीवरचे ओझे एकदम हलके होते. जी मुले राहतात त्यांतील बरीचशी, चार गुणांच्या अवघड उदाहरणाशी अर्धा तास झुंजत बसतात आणि शेवटी घाईघाईने लहान उदाहरणे चुकवितात. क्रम उलटा हवा. 'कृती' म्हणून जे प्रश्न येतात त्यांत पायऱ्या छापलेल्या असून केवळ चौकटी भरावयाच्या असतात. ती तर घरबसल्या मिळणारी शिदोरी आहे.

प्रकरणांची निवड करताना मुलाचे मत घ्यावे. बीजगणितात अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे अंकगणितावर उभी आहेत. अपूर्णांक सुधारले की ती आपोआप सुधारतात. संभाव्यतेचे उत्तर एकाहून मोठे आले तर ते चूकच, एवढी एक खूण मुलास दिली तरी दोन गुण वाचतात. अंकगणिती श्रेढीची दोनच सूत्रे आहेत, आणि पहिले पद व सामान्य फरक ओळखता आला की अर्धे काम झाले. रेषीय समीकरणे वर सांगितलीच. वर्गसमीकरणे शेवटी घ्यावीत, कारण मागील सर्व दोष तेथे एकत्र जमतात.

भूमितीविषयी माझा थोडा पक्षपात आहे, तो श्रोत्यांनी सोसावा. मुले भूमितीची प्रमेये पाठ करतात आणि आकृतीतील अक्षरे बदलली की गडबडतात. घरी आकृती उलटी काढावी, आडवी काढावी, अक्षरे बदलावीत, आणि मुलास म्हणावे की 'ह्यात काटकोन कोठे आहे, कर्ण कोणता, ते बोट ठेवून दाखव.' पायथागोरसचे प्रमेय घेतले तर तीन, चार, पाच हातांच्या दोरीने गवंडी कोपरा काटकोनात धरतात, हे आपल्या वाडीत घर बांधताना ज्यांनी पाहिले असेल त्यांनी मुलास ते प्रत्यक्ष दाखवावे. भौमितिक रचनेत हात स्वच्छ हवा. ती रोज एक काढावी, जेवणानंतर, कंपासपेटीच्या टोकदार पेन्सिलीने. हे गुण बहुधा हातचे असतात आणि आळसाने जातात.

वेळेविषयी एवढेच की, सकाळी एक तास आणि सायंकाळी एक तास, मध्ये खेळ आणि घरचे काम, हे रात्री चार तास डोळे चोळीत बसण्यापेक्षा बरे. मोबाईल त्या तासापुरता दुसऱ्या खोलीत ठेवावा. आणि न्यायाने वडिलांनीही आपला ठेवावा. शेवटच्या पंधरवड्यात दर तिसऱ्या दिवशी घड्याळ लावून जुनी पत्रिका सोडवावी. तपासताना किती गुण पडले ह्यापेक्षा कोणत्या जुन्या खुणा नाहीशा झाल्या ते पाहावे. ज्या तांबड्या खुणा पहिल्या दिवशी पंधरा होत्या त्या सहावर आल्या, हे मुलास दाखवावे. त्यास धीर येतो तो अशा पुराव्याने. 'होशील रे पास' ह्या आपल्या शब्दांवर तो मनातून विश्वास ठेवीत नाही, आणि त्याचेही चूक नाही.

आता महोत्सव समितीपुढे माझी एक मागणी आहे, आणि ती येथेच सर्वांसमक्ष मांडतो. आपल्या वाडीतील बऱ्याच घरांत एकच खोली, तीत दूरदर्शन संच, आजी-आजोबा, लहान भावंडे. मुलाने बसावे कोठे? आपले हे सभागृह सायंकाळी रिकामे असते. फेरपरीक्षेपर्यंत रोज सात ते नऊ ते उघडे ठेवावे, चार मेजे आणि पुरेसा उजेड असावा. उत्तीर्ण झालेल्या मुलांपैकी, ज्यांचा येत्या रविवारी आपण सत्कार करणार आहोत त्यांपैकी, दोघातिघांनी आळीपाळीने येऊन बसावे. त्यांनी शिकवावयाचे नाही, फक्त ऐकावयाचे. आणि आपण थोरांनी एवढा संयम ठेवावा की सभागृहात कोण जाते, कोण येते ह्याची चर्चा चर्चच्या पायऱ्यांवर होऊ नये. नाही तर तो मुलगा पहाटेच्या मिस्सालाच येत राहील, आणि सभागृहात कधीच येणार नाही.

फादरांशी माझे बोलणे झाले आहे. किल्ली माझ्याकडे राहील. उद्या सोमवारी सायंकाळी साडेसहा वाजता मी येऊन दिवे लावीन. ज्यांच्या घरी छायाप्रत आली असेल त्यांनी ती बरोबर द्यावी, न आली असेल त्यांनी जुनी वही द्यावी. आणि प्रत्येकाने एक तांबडी पेन्सिल आणावी.